नॅनो झेडएसएम-५ आणि पॅरा-झायलीन: स्फटिक लहान केल्याने काय मिळते आणि काय निसटते

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. तिने ८० ते १०० नॅनोमीटरच्या स्फटिकांचा झेडएसएम-५ बनवला आहे; हा झिओलाइट, म्हणजे सूक्ष्म छिद्रांचा, आम्लासारखा वागणारा स्फटिकमय उत्प्रेरक. टोल्यूइन आणि मिथेनॉलपासून पॅरा-झायलीन (झायलीनच्या पॅरा, मेटा आणि ऑर्थो या तीन समघटकांपैकी एक) काढायचे आहे. एक्सआरडी (क्ष-किरणांनी पटवलेली स्फटिकाची ओळख) छान, बीईटी क्षेत्रफळ (नायट्रोजन शोषणातून काढलेले) ग्रॅमला ४२० चौरस मीटर. ४५० अंश सेल्सिअसला, टोल्यूइन-मिथेनॉल २:१ घेतल्यावर टोल्यूइनचे ३० टक्के रूपांतरण होते आणि ते दोन दिवस टिकते. पण तयार झालेल्या झायलीनमध्ये पॅरा फक्त २५ टक्के. तिचा जुना तीन मायक्रॉनचा नमुना ४५ टक्के पॅरा देत होता, पण दहा तासांत मान टाकत होता. त्यात नॅनोच्या दोन बॅच एकमेकींशी जुळत नाहीत. मार्गदर्शक सांगतात की आणखी लहान स्फटिक करा, ५० नॅनोमीटरच्या खाली जा. तर जाऊ का?

पॅरा हवा असेल तर नका जाऊ. कारण नीट सांगतो, कारण ही चूक मी स्वतः केली आहे आणि तिच्यात माझे एक पूर्ण वर्ष गेले.

पण त्याआधी एक खात्री करून घ्या. जीसीला, म्हणजे मिश्रणातले घटक सुटे करून मोजणाऱ्या वायू-क्रोमॅटोग्राफला, कोणता कॉलम लावला आहे? साध्या मिथाइल सिलिकोनच्या कॉलमवर पॅरा आणि मेटा झायलीन एकाच शिखराखाली येतात, ऑर्थो तेवढा वेगळा दिसतो. पॉलिएथिलीन ग्लायकॉलचा, म्हणजे प्रयोगशाळेत ज्याला ‘वॅक्स कॉलम’ म्हणतात तो असेल आणि दोन्ही शिखरे पायथ्यापर्यंत सुटी होत असतील, तरच तुमचा २५ हा आकडा खरा. तिन्ही शुद्ध झायलीन वेगवेगळी टोचून बघा. अर्ध्या दिवसाचे काम आहे.

आकडा खरा आहे असे धरून पुढे जातो. या तापमानाला झायलीनचे समतोल मिश्रण साधारण २४ टक्के पॅरा, ५० टक्क्यांच्या थोडे वर मेटा आणि उरलेला ऑर्थो असे असते. तुमचे २५ टक्के म्हणजे जवळजवळ समतोलच. याचा अर्थ झिओलाइटच्या छिद्रांना तुमच्या उत्पादनाबद्दल काही बोलायला वावच मिळालेला नाही. एवढे आम्ल असलेला कोणताही घन पदार्थ पुरेसा वेळ दिल्यास हेच मिश्रण देईल.

झेडएसएम-५ मध्ये दहा टेट्राहेड्रांच्या कड्यांची दोन प्रकारची नलिकाजाळी आहे. एक सरळ, दुसरी नागमोडी. दोन्हींचे तोंड साधारण साडेपाच अँगस्ट्रॉमचे. पॅरा-झायलीनचा परिणामी व्यास ५.८ च्या आसपास, मेटा आणि ऑर्थोचा ६.८ च्या आसपास. चौकट तापल्यावर थोडी लवते, म्हणून ५.८ आरामात सरकतो आणि ६.८ अडखळत, रखडत. पॅराचा विसरण-वेग इतर दोघांच्या सुमारे हजारपट असतो. आत तिन्ही बनतात, एकमेकांत बदलत राहतात. पॅरा तेवढा पटकन बाहेर पडतो. ही निवड वाटेच्या लांबीवर उभी आहे. वाट लांब असेल तर मेटा आतच अडकतो, पुन्हा पॅरा होतो आणि मग सुटतो. वाट आखूड केली की मेटाही बाहेर पडतो.

आता गणित करून बघा. रेणूला स्फटिकातून बाहेर यायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तीन मायक्रॉन आणि १०० नॅनोमीटर यांच्यात ३० पटींचा फरक, म्हणजे वेळेत ९०० पटींचा. तुमच्या नॅनो स्फटिकात मेटाला अडवायला ९०० पट कमी वेळ मिळतो. त्यामुळेच कोक (छिद्रे बुजवणारा कार्बनचा साका) कमी साचतो आणि उत्प्रेरक दोन दिवस टिकतो. दीर्घ आयुष्य आणि गेलेला पॅरा ही दोन वेगळी निरीक्षणे नाहीत, ती एकाच कारणाची दोन टोके आहेत. ५० नॅनोमीटरला गेलात तर आयुष्य आणखी वाढेल आणि पॅरा २४ वर स्थिरावेल.

दुसरी गोष्ट बाहेरच्या पृष्ठभागाची. झेडएसएम-५ ची घनता घनसेंटीमीटरला सुमारे १.८ ग्रॅम. गोल कण धरले तर १०० नॅनोमीटरच्या स्फटिकाचा बाहेरचा पृष्ठभाग ग्रॅमला ३३ चौरस मीटरच्या आसपास येतो. तीन मायक्रॉनला तो जेमतेम एक चौरस मीटर. त्या पृष्ठभागावर जी आम्लकेंद्रे आहेत त्यांना छिद्राची शिस्त नाही. आतून कष्टाने पॅरा म्हणून बाहेर आलेला रेणू तिथे बसतो आणि मेटा होऊन जातो. त्यात भर म्हणजे टीपीए (टेट्राप्रोपिलअमोनियम) हे टेम्प्लेट, म्हणजे ज्याच्याभोवती चौकट घडते तो साचा, वापरून वाढवलेल्या स्फटिकांत अ‍ॅल्युमिनियम बाहेरच्या थरात जास्त साठण्याची प्रवृत्ती असते; मोठ्या स्फटिकांचे काप घेऊन हे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच दाखवले गेले आहे. म्हणजे जिथे आम्ल नको तिथेच ते दाटते.

तुमच्या ३० टक्क्यांकडेही जरा बघू. टोल्यूइन-मिथेनॉल २:१ असेल तर सगळे मिथेनॉल कड्यावर बसले तरी टोल्यूइनचे रूपांतरण ५० टक्क्यांवर जाऊ शकत नाही. तुमचे ३० टक्के म्हणजे मिथेनॉलचा जास्तीत जास्त ६० टक्के भाग उपयोगी लागला, बाकीचा एथिलीन, प्रोपिलीन आणि कोक होऊन गेला. तेही टोल्यूइनचे टोल्यूइनशीच असमानुपातन (एकाचा मिथाइल गट दुसऱ्यावर जाणे) होऊन बेन्झीन निघत नसेल तर. बेन्झीनचे शिखर किती आहे ते प्रश्नात नाही. ते मोजा. वायूंसह कार्बनचा ताळेबंद ९५ टक्क्यांच्या वर जुळेपर्यंत निवडक्षमतेच्या (उत्पादनात हवा तो पदार्थ किती, याच्या) कोणत्याही आकड्यावर भरवसा ठेवू नका.

आणि दोन उत्प्रेरकांची तुलना समान रूपांतरणावर करा. ३० टक्के रूपांतरणाचा नॅनो आणि, समजा, १२ टक्क्यांवर घसरलेला तीन मायक्रॉनचा, यांचा पॅरा शेजारी ठेवून काहीच सिद्ध होत नाही. कमी रूपांतरणाला, कमी संपर्ककाळाला पॅरा तसाही जास्त दिसतो, शिवाय कोक बसलेला उत्प्रेरक आपोआप जास्त पॅरा देतो. टोल्यूइन असमानुपातनाच्या काही औद्योगिक प्रक्रियांत सुरुवातीला मुद्दाम कोक बसवून छिद्रांची तोंडे आणि पृष्ठभाग आवळतात, ते याच तत्त्वावर. प्रवाह बदलून प्रत्येक नमुन्याची पाच-सहा रूपांतरणे घ्या आणि आलेख काढा. एकच बिंदू पुरेसा नाही.

आता बॅच का जुळत नाहीत ते. संश्लेषणाचा तपशील तुम्ही दिला आहे: टीईओएस (टेट्राएथिल ऑर्थोसिलिकेट, सिलिकाचा स्रोत), अ‍ॅल्युमिनियम आयसोप्रोपॉक्साइड, टीपीएओएच. एक मोल सिलिकाला ०.०१२५ मोल अ‍ॅल्युमिना, ०.२५ टीपीएओएच (टीपीएचे हायड्रॉक्साइड), २५ पाणी, १७० अंशांना ४८ तास. सिलिकॉन-अ‍ॅल्युमिनियम गुणोत्तर ४०. कृतीत दोष नाही. पण कागदावर न येणाऱ्या चार-पाच जागी ती फुटते.

आयसोप्रोपॉक्साइडची बाटली वारंवार उघडली की हवेतले पाणी घेते आणि तिचा काही भाग आळशी हायड्रॉक्साइड होतो. तो टीपीएओएचमध्ये पूर्ण विरघळला पाहिजे, द्रावण स्वच्छ दिसले पाहिजे, त्यानंतरच टीईओएस थेंबाथेंबाने. घाईने ओतलात तर सिलिकाच्या गुठळ्या आधी होतात आणि अ‍ॅल्युमिनियम मागे राहून जाते. पावसाळ्यात पुण्या-मुंबईच्या हवेत बाटली हाताळणे हा खरोखर वेगळा विषय आहे. जूनमधली आणि जानेवारीतली बॅच वेगळी निघताना मी पाहिली आहे.

टीपीएओएच २५ टक्क्यांचे आहे की ४० चे, आणि त्यात सोडियम-पोटॅशियम किती आहे, हे पुरवठादारागणिक बदलते. पोटॅशियम थोडेही वाढले की स्फटिक मोठे आणि गुंफलेले येऊ लागतात. आयसीपीवर (मूलद्रव्यांचे प्रमाण मोजणाऱ्या उपकरणावर) एकदा मोजून घ्या आणि सगळ्या बॅच एकाच लॉटच्या करा.

टीईओएसच्या प्रत्येक मोलामागे चार मोल एथेनॉल सुटते. ते उडवायचे की ठेवायचे हे ठरवून घ्या. उडवताना पाणीही जाते, म्हणून फ्लास्क आधी आणि नंतर वजन करून पाणी भरून काढा. अंदाजाने केलेले २५ मोल पाणी प्रत्यक्षात १८ असते.

मग ऑटोक्लेव्ह, म्हणजे जेल दाबाखाली तापवायचे बंद पोलादी भांडे. थंड ऑटोक्लेव्ह १७० च्या भट्टीत ठेवला म्हणजे आतले जेल १७० ला पोचले असे नसते. ५० मिलिलिटरचा तासा-दीड तासात तापेल, २०० मिलिलिटरच्या जाड पोलादी ऑटोक्लेव्हला तीन-चार तासही लागतात. तो वेळ जेल ८० ते १२० अंशांच्या पट्ट्यात घालवते आणि नेमक्या याच पट्ट्यात केंद्रके (स्फटिकांची बीजे) भरपूर जन्मतात, वाढ मात्र हळू असते. जास्त केंद्रके म्हणजे लहान स्फटिक. तुमच्या दोन बॅच वेगळ्या आकाराच्या ऑटोक्लेव्हमध्ये केल्या असतील तर उत्तर तिथेच सापडेल. माझी पद्धत अशी की जन्म आणि वाढ मुद्दाम वेगळी करायची: ८० अंशांना एक दिवस, मग १७० ला. किंवा सरळ १०० अंशांना तीन-चार दिवस. वेळ जास्त जातो, पण दर वेळी तेच मिळते.

टेफ्लॉनच्या लाइनरची स्मृती हा आमच्या धंद्यातला जुना त्रास आहे. आधीच्या बॅचचे सूक्ष्म स्फटिक त्याच्या रंध्रांत राहतात आणि पुढच्या बॅचला बीज देतात. आमच्याकडे एकदा तीन बॅचमध्ये एक्सआरडीत मॉर्डेनाइटच्या, म्हणजे दुसऱ्याच एका झिओलाइटच्या, रेघा दिसत राहिल्या. सिलिकाचा स्रोत बदलला, पाणी बदलले, भट्टी बदलली. शेवटी कळले की ते लाइनर वर्षापूर्वी मॉर्डेनाइटसाठी वापरले होते. तेव्हापासून प्रत्येक झिओलाइटचे लाइनर वेगळे, त्यावर नाव कोरलेले, आणि दर बॅचनंतर कडक सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण भरून रात्रभर १५० अंशांना, मग पाण्याने. हायड्रोफ्लुओरिक आम्ल वापरणारे लोक आहेत. विद्यार्थ्यांच्या हातात मी ते कधीच देणार नाही.

इथे थोडे थांबून एक सांगावेसे वाटते. आपल्या पायाखालच्या बेसाल्टमध्ये हीच क्रिया निसर्गाने केली आहे. दख्खनच्या लाव्हाच्या पोकळ्यांत गरम, अल्कधर्मी पाणी मुरले आणि वाघोलीपासून नाशिक-जळगावपर्यंतच्या खाणींत स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट हे झिओलाइट वाढले. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते बघायला मिळतात. १७५६ मध्ये स्वीडनच्या क्रोन्स्टेटने स्टिल्बाइटसारखा खनिजदगड फुंकनळीच्या ज्योतीत तापवला, तो उकळल्यासारखा फसफसला आणि त्याने त्याला ‘उकळणारा दगड’ या अर्थाचे ‘झिओलाइट’ हे ग्रीक नाव दिले. निसर्गाकडे घाई नव्हती, म्हणून त्याचे स्फटिक तळहाताएवढे. आपण टेम्प्लेट, तापमान आणि अल्कता यांनी तोच वेळ आवळतो. एकदा जाऊन ते दगड हातात घेऊन बघा; केंद्रके थोडी आणि वाढ सावकाश झाली की काय होते ते डोळ्यांना दिसते.

धुण्याचा आणि भाजण्याचा टप्पा लोक दुय्यम मानतात. १०० नॅनोमीटरचा माल गाळणीकागदातून जातो, म्हणून सेंट्रिफ्यूज. दोन-तीनदा धुतल्यावर क्षार निघून जातात आणि माल दुधासारखा तरंगत राहतो, बसतच नाही. अशा वेळी लोक वरचे दूध ओतून देतात आणि सर्वांत लहान स्फटिक त्यासोबत नाल्यात जातात. शेवटच्या धुण्यात थोडे अमोनियम नायट्रेट टाका, कण एकत्र येऊन बसतील. तुमच्या दोन बॅचचे उत्पादन वजनात किती आले? एक ९० टक्के आणि दुसरी ७० असेल तर फरक संश्लेषणात नाही, धुण्यात आहे.

भाजताना थर पातळ ठेवा, पाच मिलिमीटरपेक्षा जास्त नको. टीपीए जळताना उष्णता आणि वाफ दोन्ही सुटतात, आणि झिओलाइटच्या चौकटीतून अ‍ॅल्युमिनियम उपटून काढणारी हीच जोडी. मिनिटाला एक अंशाने ५५० पर्यंत, कोरड्या हवेच्या झोतात, सहा तास. मी वर ज्या वर्षाचा उल्लेख केला त्यातले चार महिने खोल मुशीत भाजलेल्या मालावर गेले. वरून पांढरा, मध्यभागी राखाडी. एक्सआरडीत काही दिसेना. अ‍ॅल्युमिनियमच्या एनएमआरमध्ये (अणूभोवतीची रचना सांगणाऱ्या चाचणीत) ५४ पीपीएमच्या शिखराशेजारी शून्यावर दुसरे शिखर उभे होते, म्हणजे चौकटीबाहेर पडलेले अ‍ॅल्युमिनियम.

एक्सआरडीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. ७.९, ८.८ आणि २३ ते २४.५ अंशांची शिखरे दिसली म्हणजे एमएफआय चौकट, म्हणजे झेडएसएम-५ ची चौकट, आहे, एवढेच. नॅनो स्फटिकात शिखरे रुंदावतात, म्हणून स्फटिकता उंचीवरून काढू नका, २२.५ ते २५ अंशांखालच्या क्षेत्रफळावरून काढा. आम्ल किती, कुठे, वाट किती लांब, यांपैकी काहीही ते सांगत नाही.

आम्लाचा हिशेब मात्र फार उपयोगी आहे. गुणोत्तर ४० म्हणजे प्रत्येक ४१ टेट्राहेड्रांमागे एक अ‍ॅल्युमिनियम. एकेकाचे वजन ६० धरले तर ग्रॅमला सुमारे ०.४१ मिलिमोल. अमोनिया-टीपीडीचे (शोषलेला अमोनिया तापवून सोडवत आम्ल मोजण्याच्या चाचणीचे) वरच्या तापमानाचे शिखर याच्या जवळ आले तर सगळे अ‍ॅल्युमिनियम चौकटीत बसून आम्ल देत आहे. ०.२८ आले तर एकतर सोडियम शिल्लक आहे, नाहीतर अ‍ॅल्युमिनियम बाहेर पडले आहे. पहिले आयसीपी सांगेल, दुसरे एनएमआर. बाहेरच्या आम्लासाठी २,६-डाय-टर्ट-ब्यूटाइलपिरिडीन वापरा. हा रेणू छिद्रात शिरू शकत नाही, म्हणून तो जेवढा बसेल तेवढीच बाहेरची केंद्रे. साध्या पिरिडीनशी तुलना करा आणि टक्केवारी काढा. माझ्या मते तुमच्या सगळ्या कामात हा एक आकडा सर्वांत महत्त्वाचा ठरेल.

नायट्रोजन शोषणात एका सापळ्यापासून सावध राहा. डिसॉर्प्शनच्या (वायू सुटतानाच्या) फांदीवरून बीजेएच (छिद्रांच्या आकारांचा आलेख) काढले की ३.८ नॅनोमीटरला एक टोकदार शिखर दिसते आणि लोक ‘मध्यम छिद्रे मिळाली’ असे लिहून मोकळे होतात. ते सापेक्ष दाब ०.४५ जवळ द्रव नायट्रोजनचा पडदा फुटल्यामुळे येते, छिद्रांमुळे नाही. अ‍ॅड्सॉर्प्शनची फांदी वापरा. आणि ०.९ च्या पुढची चढण ही दोन स्फटिकांमधल्या फटींची असते.

मग करायचे काय? मी तुमच्या जागी असतो तर अर्धा ते एक मायक्रॉनचा स्फटिक बनवला असता आणि त्याचा पृष्ठभाग झाकला असता. आकार वाढवायला पाणी २५ वरून पायरीपायरीने ६० पर्यंत न्या, टीपीएओएच ०.१५ वर आणा, तापमान १८० करा. मग टीईओएस सायक्लोहेक्झेनमध्ये घेऊन, वजनाच्या चार टक्के सिलिका बसेल इतके, तासभर रिफ्लक्स, सुकवणे, ५५० ला भाजणे. टीईओएसचा रेणू छिद्रापेक्षा मोठा असल्याने तो बाहेरच बसतो. अशी एक, दोन, तीन आवर्तने करा आणि प्रत्येकानंतर पॅरा, रूपांतरण आणि बाहेरचे आम्ल हे तिन्ही एकाच आलेखावर मांडा. दुसरा मार्ग म्हणजे झेडएसएम-५ वर शुद्ध सिलिकालाइटचे कवच वाढवणे. चौकट तीच, अ‍ॅल्युमिनियम नाही. जपानी संशोधकांनी २००० नंतरच्या दशकात असे कवच एकसंध वाढवून ९९ टक्क्यांच्या वर पॅरा दाखवला आहे. मेहनतीचे आहे, कारण कवचाला एक भेग पडली तरी परिणाम जातो. फॉस्फरस किंवा मॅग्नेशियम बसवण्याचा रस्ता सर्वांत जुना, मोबिल या तेल कंपनीच्या लोकांनी तो १९८१ च्या सुमारास मळवून ठेवला आहे. तीव्र आम्ल मंदावते, छिद्रे थोडी अरुंद होतात, पॅरा चढतो. पण रूपांतरणाची किंमत मोजावी लागते.

आयुष्याचा प्रश्न नॅनोवर न सोडता प्रक्रियेवर सोडा. हायड्रोजन वाहक वायू म्हणून द्या, थोडी वाफ द्या, मिथेनॉल एकाच जागी न घालता दोन-तीन ठिकाणी विभागून घाला म्हणजे स्थानिक पातळीवर ते जास्त होऊन ओलेफिन आणि कोककडे वळणार नाही. वाफ जास्त झाली तर अ‍ॅल्युमिनियम निघते, म्हणून पुनर्जीवनानंतर दर वेळी टीपीडी घ्या.

नॅनो स्फटिक वाईट आहेत असे मी म्हणत नाही. मिथेनॉलपासून पेट्रोल किंवा प्रोपिलीन, जड तेलांचे तोडणे, मोठे रेणू हाताळणाऱ्या क्रिया, जिथे माल लवकर बाहेर पडलेला हवा तिथे त्यांना तोड नाही. कोरियात रयू यांच्या गटाने २००९ मध्ये दोन नॅनोमीटर जाडीच्या एमएफआय पापुद्र्यांनी मिथेनॉलच्या क्रियेत आयुष्य किती वाढते ते दाखवले. सोडियम हायड्रॉक्साइडने आत मध्यम छिद्रे कोरण्याचा सोपा उपायही आहे: ०.२ मोलर, ६५ अंश, अर्धा तास, तोही गुणोत्तर २५ ते ५० मध्ये असेल तरच. फक्त तुमच्या क्रियेला यातले काहीच नको आहे.

कारखान्याकडे जायची इच्छा असेल तर आणखी एक लक्षात ठेवा. भुकटी रिअ‍ॅक्टरमध्ये जात नाही, १.६ मिलिमीटरच्या कांड्या जातात. बाइंडर अ‍ॅल्युमिनाचा घेतलात तर वाफेत त्यातले अ‍ॅल्युमिनियम झिओलाइटकडे सरकते आणि कष्टाने झाकलेला पृष्ठभाग पुन्हा आम्ल होतो. पॅरासाठी सिलिकाचा बाइंडर घ्या, मजबुती कमी आली तरी चालेल. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉल रत्नासामी यांच्या गटाने १९८० च्या दशकात एन्सिलाइट नावाचे उत्प्रेरक विकसित केले आणि ते बडोद्याला झायलीन समघटकीकरणाच्या संयंत्रात चालले. आमच्या पिढीने झिओलाइट शिकला तो त्या कामाच्या सावलीत, आणि पहिला धडा हाच मिळाला की भुकटीचा आकडा आणि कांडीचा आकडा वेगवेगळ्या वहीत लिहायचा.

या महिन्यात एवढे करा: जीसीचा कॉलम तपासा, जुन्या तीन मायक्रॉनच्या नमुन्याचा आणि नॅनोचा रूपांतरण-पॅरा आलेख काढा, दोन्हींवर ब्यूटाइलपिरिडीन घ्या. मग नॅनोच्याच दोन ग्रॅमवर टीईओएसची दोन आवर्तने करून पुन्हा चालवा. पॅरा २५ वरून ३५ वर आला तर दोष पृष्ठभागाचा होता. २६-२७ वरच राहिला तर वाट आखूड आहे, आणि मार्गदर्शकांसमोर मोठ्या स्फटिकाचा आग्रह धरायला तोच आलेख ठेवा.